मॅककडे निघालात? आधी जुनं मशीन उघडा

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला. ज्यांचं मशीन विंडोज ११ घेत नाही, त्यांतले बरेच जण या निमित्ताने मॅक लॅपटॉपचा विचार करताहेत. या वेळी फक्त तीच पत्रं घेतली आहेत. मी रोज दोन्ही वापरते, त्यामुळे एकाची तरफदारी करून दुसऱ्याला नावं ठेवण्यात मला रस नाही. मला काळजी आहे ती तुमच्या कामाची आणि तुमच्या फायलींची.

प्रश्न : ताई, मी भाषांतराचं काम करते. माझा जुना विंडोज लॅपटॉप आता थकलाय, म्हणून मॅकबुक एअर घ्यायचं ठरवलं आहे. सगळे म्हणतात, मॅकला काही करावंच लागत नाही, घेतला की सुरू. तरी धाकधूक वाटते. इतक्या वर्षांचं काही मागे राहून जाईल का? सुरुवात कुठून करू?

सुरुवात जुन्या लॅपटॉपपासून करा. नव्याचा खोका आठवडाभर तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. मॅककडे जाताना जे हरवतं ते मॅकवर हरवत नसतं. ते विंडोजवर मागे राहिलेलं असतं, आणि मागे राहिलंय हे कळेपर्यंत जुनं मशीन कुणाला तरी देऊन झालेलं असतं.

एक कागद घ्या आणि रोजच्या कामात जो जो प्रोग्रॅम उघडाल त्याचं नाव लिहीत जा. वर्षातून एकदाच लागणारेही आठवून लिहा, कारण अडकायला होतं ते त्यांच्यापाशीच. मग प्रत्येकाची मॅक आवृत्ती आहे का, हे ते बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर पाहा. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक आहेत. क्रोम, फायरफॉक्स, झूम, व्हीएलसी आहेत, फोटोशॉप आणि ऑटोकॅडही आहेत. पण मायक्रोसॉफ्टचंच ॲक्सेस मॅकवर नाही, पब्लिशर नाही, पॉवर बीआय डेस्कटॉप नाही. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, सॉलिडवर्क्स नाहीत. हिशेबाची आणि कार्यालयं सांभाळणारी कितीतरी छोटी सॉफ्टवेअरं फक्त विंडोजसाठीच लिहिलेली असतात. तुमच्या व्यवसायातलं सांगायचं तर ट्रॅडोस स्टुडिओ विंडोजचं आहे; ओमेगाटी मात्र दोन्हीकडे चालतं. तुमचं काम ट्रॅडोसवर बेतलेलं असेल तर इथेच थांबून विचार करा.

एक्सेल आहे म्हणजे तुमची प्रत्येक एक्सेल फाईल जशीच्या तशी चालेल, असंही समजू नका. कोष्टकं, सूत्रं, आलेख बिनघोर चालतात. बरेचसे मॅक्रोही, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅमही, चालतात. पण ज्या फाईलमध्ये ॲक्टिव्हएक्स या विंडोजपुरत्या तंत्राची बटणं बसवलेली आहेत, ती मॅकवर दाबून काहीही होत नाही. अशी एखादी फाईल कुणी बनवून दिलेली असेल तर घेण्याआधीच ती ओळखीच्या कुणाच्या तरी मॅकवर उघडून पाहा.

अडलेल्या सॉफ्टवेअरसाठी मॅकच्या आतच विंडोज चालवायची सोय आहे. पॅरलल्स डेस्कटॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ११ ची आर्म आवृत्ती (नव्या मॅकमध्ये असते त्या जातीच्या चिपसाठीची) चालते, आणि फेब्रुवारी २०२३ पासून त्याला मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यताही आहे. इंटेलच्या चिपसाठी लिहिलेले नेहमीचे प्रोग्रॅम त्या विंडोजमध्ये बहुतेक चालून जातात. ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र चालत नाहीत, ते आर्मसाठीच बनवलेले असावे लागतात. म्हणून जे सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही, किंवा ज्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर कंपनीने कधीच सोडून दिलाय, तिथे ही वाट बंद होते. माझं मत स्पष्ट आहे. अधूनमधून लागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ही सोय उत्तम. पण ज्या एका सॉफ्टवेअरवर तुमचं पोट आहे ते विंडोजचं असेल, तर नवा विंडोज लॅपटॉपच घ्या.

आता मेल. जीमेलसारखं खातं ब्राउझरमध्ये उघडत असाल तर काहीच करायचं नाही. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये उघडत असाल तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे आयमॅप लिहिलंय की पॉप, एवढं पाहा. आयमॅप असेल तर पत्रं सर्व्हरवर आहेत. मॅकवर खातं जोडलं की आपोआप उतरतील. पॉप असेल तर सावध व्हा. पॉपमध्ये पत्रं तुमच्या मशीनवर उतरतात आणि बऱ्याचदा सर्व्हरवरून पुसली जातात. म्हणजे जुन्या पत्रांची जगात एकच प्रत आहे आणि ती त्या थकलेल्या लॅपटॉपमध्ये आहे. आउटलुकमधून पीएसटी फाईल (सगळी पत्रं एकत्र साठवणारी) काढून घेतली तर ती आउटलुकच्या मॅक आवृत्तीत आयात करता येते. ॲपलच्या मेल प्रोग्रॅममध्ये ती सरळ उघडत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे तेच खातं विंडोजवर आयमॅपने पुन्हा जोडायचं आणि जुनी पत्रं ओढून त्यात टाकायची. सर्व्हरवर जागा पुरत असेल तर मी हाच सुचवते, कारण मग पत्रं कुठल्याच एका मशीनची राहत नाहीत.

ब्राउझरमधले पासवर्ड राहून जातात तेही बघा. क्रोममध्ये खातं जोडलेलं असेल तर मॅकवरच्या क्रोममध्ये ते येतील. ॲपलच्या पासवर्ड्स ॲपमध्ये न्यायचे असतील तर सीएसव्ही फाईल काढून आयात करता येतात. त्या फाईलमध्ये सगळे पासवर्ड उघडे, वाचता येतील असे असतात. काम होताच ती दोन्ही मशीनवरून पुसा, रिसायकल बिनमधूनही.

एवढं झाल्यावर खोका उघडा. फायली हलवायला ॲपलचा विंडोज मायग्रेशन असिस्टंट मोफत मिळतो. तो विंडोजवर बसवायचा, दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर ठेवायची, आणि मॅकवरही मायग्रेशन असिस्टंट उघडायचा. त्याआधी विंडोजवर चेकडिस्क चालवून डिस्क तपासून घ्या आणि विंडोजचे अपडेट थांबवून ठेवा, नाहीतर मध्येच मशीन रीस्टार्ट होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. फायली खूप असतील तर वायफायपेक्षा केबल बरी. आणि एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. आलेला माल मॅकवर वेगळ्या युजर अकाउंटमध्ये उतरतो. मॅक आधीच सुरू करून स्वतःचं खातं बनवलेलं असेल तर हलवाहलव संपल्यावर डेस्कटॉप रिकामाच दिसतो आणि काळजात धस्स होतं. लॉग आउट करा, लॉगिनच्या पडद्यावर जुन्या नावाचं दुसरं खातं उभं असेल. सगळं त्यात आहे.

प्रश्न : मी कथा-लेख लिहितो. जुनं लिखाण श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये आहे, अलीकडचं मंगल फॉन्टमध्ये. मॅकवर मराठी नीट लिहिता येतं का? आणि जुन्या फायलींचं काय?

मराठी नीट लिहिता येतं, अगदी निश्चिंत असा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस, तिथे देवनागरी जोडा. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्डचा प्रमाण आराखडा येत असेल तर तुम्हाला नवीन काही शिकायचं नाही, अक्षरं त्याच कळांवर आहेत. 'तऱ्हा' लिहिताना शिफ्ट-जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, मग ह, हा क्रम तसाच. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर देवनागरी क्वर्टी नावाचा आराखडा आहे, त्यात उच्चाराच्या जवळची इंग्रजी कळ दाबायची. इंग्रजी-मराठी अदलाबदल कंट्रोल-स्पेसने किंवा पृथ्वीगोलाचं चित्र असलेल्या कळीने होते.

विंडोजवर गूगलचं जे टंकलेखन साधन बसवून तुम्ही रोमन लिपीतून मराठी उमटवत होतात, ते मात्र मॅकवर नाही. त्या सवयीचा हात असेल तर पहिले काही आठवडे लिहिण्याचा वेग पडेल, हे गृहीत धरा. मी तर या संधीचा फायदा घेऊन इन्स्क्रिप्ट शिकून घ्या म्हणेन. पुढे यंत्र कुठलंही बदललं तरी हात अडत नाही.

मंगलमधल्या फायली युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या, आहेत, त्या मॅकवर उघडतील. मंगल हा फॉन्ट विंडोजचा. मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी, श्री देवनागरी ७१४ असे फॉन्ट येतात. मंगल सापडला नाही तर वर्ड दुसरा फॉन्ट लावतं, अक्षर तेच राहतं पण ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पानांची संख्या बदलते. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फॉन्ट दोन्ही मशीनवर बसवा आणि त्यातच लिहा. संपादकाकडे पाठवताना सोबत पीडीएफ जोडलीत की पानं हलण्याची कटकट नाही.

खरी अडचण श्रीलिपी आणि कृतिदेवची. या फायलींमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली आहेत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट काढला की कथेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरते. म्हणून तुमच्यासाठी माझा आग्रह आहे की या सगळ्या फायली जुन्या मशीनवरच, जुनं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट जिवंत असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, त्यामुळे नेमक्या तुमच्या फॉन्टचं साधन निवडा. रूपांतरानंतर मूळ मजकूर एका बाजूला आणि नवा दुसऱ्या बाजूला ठेवून वाचा. चुका ठरलेल्या जागी होतात: रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षर फुटतं. 'वर्ष', 'मार्मिक', 'स्थिती', 'ज्ञान' असे शब्द शोधून पाहिलेत तर दोष पटकन हाती लागतात. मूळ फाईल पुसू नका, आणि प्रत्येक मूळ फाईलची एक पीडीएफ काढून ठेवा. रूपांतरात एखादा शब्द बिघडला तर तुम्ही काय लिहिलं होतं याचा पुरावा तीच पीडीएफ. काम किचकट आहे, पण ते तुमचं आयुष्यभराचं लिखाण आहे. ते वाचता येण्याजोगं राहावं यासाठी दिलेला वेळ वाया जात नाही.

प्रश्न : ताई, कॉलेजसाठी मॅकबुक घेतलं. हात सारखे चुकतात. कॉपी करायला कंट्रोल दाबतो, काहीच होत नाही. खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो. एंटर दाबलं तर फाईल उघडत नाही. मित्र म्हणतो, सेटिंगमध्ये कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करून टाक. करू का?

अदलाबदल करू नकोस. ती होते, सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या मॉडिफायर कीजमध्ये सोय आहे. पण मग तू ना विंडोजचा राहतोस ना मॅकचा. प्रयोगशाळेतल्या किंवा मित्राच्या मॅकवर बसलास की पुन्हा अडशील, आणि कुठल्याही लेखात दिलेला शॉर्टकट तुला मनात उलटा करून वापरावा लागेल. थोडा धीर धर, हात शिकतात.

हात काय शिकतोय हे एकदा नीट बघ. विंडोजवर कॉपी करताना तुझी करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर जाते आणि मनगट वाकतं. मॅकवर कमांड स्पेसबारला खेटून आहे. तिथे करंगळी न्यायची नाही, अंगठा आत वळवायचा. अंगठा कमांडवर, तर्जनी सी वर. बोटं जवळजवळ आपल्या जागेवरच राहतात. 'कंट्रोलच्या जागी कमांड' असं घोकण्यापेक्षा 'करंगळीच्या जागी अंगठा' अशी सवय लावलीस तर फार लवकर जमेल. लांबलचक काहीतरी टाईप करताना कमांड-सी, कमांड-व्ही, कमांड-झेड, कमांड-एस एवढे चारच वापरायचा सराव कर. बाकीचे मागून येतात.

त्या कळीवरचं चार फासांचं चिन्ह १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून आहे. मेनूमध्ये सगळीकडे ॲपलचं बोधचिन्ह दिसतंय हे स्टीव्ह जॉब्जना खटकलं, तेव्हा सुझन केअर या चित्रकर्तीने चिन्हांच्या कोशातून हे शोधून काढलं. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय ठिकाणांच्या पाट्यांवर ते असतं. मला ही हकीकत आवडते म्हणून सांगितली.

आता खिडकीचं. विंडोजमध्ये खिडकी म्हणजेच बहुधा प्रोग्रॅम. फुली मारली की दोन्ही संपतं. मॅकमध्ये प्रोग्रॅम वेगळा आणि त्याच्या खिडक्या वेगळ्या. लाल ठिपक्याने किंवा कमांड-डब्ल्यूने खिडकी जाते. प्रोग्रॅम जातो तो कमांड-क्यूने. खाली डॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या चित्रांच्या पट्टीत, चित्राखाली बारीक ठिपका दिसतोय तोवर तो चालू आहे. हेच नीट कळलं की वरचा मेनूही कळतो. तो पडद्याच्या माथ्यावर एकच असतो आणि समोर असलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे बदलतो. सगळ्या खिडक्या बंद असल्या तरी तिथे प्रोग्रॅमचं नाव दिसतं ते याचमुळे. याच कारणाने कमांड-टॅब तुला एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्या प्रोग्रॅमवर नेतं, खिडकीवरून खिडकीवर नाही. एकाच वर्डच्या दोन खिडक्यांमध्ये जायचं तर कमांडसोबत बॅकटिकची (`) कळ, ती बहुतेक कीबोर्डांवर टॅबच्या वर असते.

फाईलवर एंटर दाबलं की नाव बदलायला उघडतं. फाईल उघडायची ती कमांड-ओ ने. पुसायची ती कमांड-डिलीटने. लिहिताना डिलीट कळ मागचं अक्षर खाते. पुढचं खायला एफएन-डिलीट. ओळीच्या टोकांना जायला कमांडसोबत डावा-उजवा बाण. पडद्याच्या तुकड्याचं चित्र घ्यायला कमांड-शिफ्ट-४. प्रोग्रॅम अडकला तर ऑप्शन-कमांड-एस्केप. आणि काहीही शोधायचं, उघडायचं असेल तर कमांड-स्पेस. मी तर मेनूपेक्षा हाच रस्ता जास्त वापरते.

स्क्रोल उलट्या दिशेने जातंय असं वाटत असेल तर ट्रॅकपॅडच्या सेटिंगमध्ये नॅचरल स्क्रोलिंग बंद करता येतं. इथे तुझ्या सवयीप्रमाणे केलंस तरी हरकत नाही, त्याने पुढे काही अडत नाही. खिडकी पडद्याच्या कडेला नेऊन अर्ध्यात बसवायची विंडोजसारखी सोय २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून मॅकमध्येही आहे. तुझा बाहेरचा कीबोर्ड विंडोजचा असेल तर त्याच्यापुरती ऑप्शन आणि कमांडची अदलाबदल जरूर कर, कारण त्यावर त्या दोन कळा उलट्या क्रमाने असतात. मॉडिफायर कीजमध्ये प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी निवड ठेवता येते.

प्रश्न : माझ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळे फोटो आहेत. मॅकला लावली तर दिसतात, पण नवीन काही टाकता येत नाही. डिस्क बिघडली का?

डिस्क ठणठणीत आहे. ती एनटीएफएस पद्धतीने आखलेली आहे, विंडोजची नेहमीची पद्धत. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वाचता-लिहिता यावी अशी हवी असेल तर एक्सफॅट पद्धत निवडा. पण त्यासाठी डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते आणि फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जाणं. आधी फोटो दुसरीकडे पूर्ण उतरवा, काही जुने आणि काही नवे उघडून पाहा, मगच फॉरमॅट करा. एक्सफॅटची डिस्क इजेक्ट न करता ओढून काढायची सवय असेल तर ती मोडा. अर्धवट लिहिलं गेलं तर सावरून घेण्याची व्यवस्था त्या पद्धतीत एनटीएफएसइतकी नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटो म्हणालात म्हणून याहून महत्त्वाचं सांगते. समजा डिस्कवर 'सहल' नावाचं फोल्डर आहे, त्यात ४०० फोटो. मॅकवर 'सहल' नावाचंच दुसरं फोल्डर आहे, त्यात नवे २०. विंडोजवर तुम्ही हे नवं फोल्डर जुन्यावर टाकता आणि दोन्ही मिसळून ४२० होतात. मॅकवर तेच केलंत तर विचारणा येते, आणि तिथे रिप्लेस म्हटलंत की जुनं फोल्डर अख्खं जातं आणि त्या जागी २० फोटोंचं नवं बसतं. कचरापेटीत सापडेल या भरवशावर राहू नका. कधी कधी त्या चौकटीत मर्ज असा पर्याय दिसतो, पण तो दर वेळी दिसतोच असं नाही. म्हणून फोल्डरवर फोल्डर टाकूच नका. नवं फोल्डर उघडा, आतले फोटो निवडा आणि ते जुन्या फोल्डरच्या आत टाका. विंडोजवरून आलेल्या प्रत्येकाला मी ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. बाकीच्या सवयी चुकल्या तर वेळ जातो, ही चुकली तर फोटो जातात.

फायली कट करून दुसरीकडे नेणं फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फायली दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कमांड-एक्सने होत नाही. कमांड-सी करा आणि नव्या जागी ऑप्शन-कमांड-व्ही. आणि तुमची डिस्क पुन्हा विंडोजला लावल्यावर प्रत्येक फोटोशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी बारीक फाईल दिसली तर घाबरू नका. मॅक स्वतःची माहिती तिथे ठेवतो. विंडोजवर ती पुसली तरी फोटोला धक्का लागत नाही.

आणखी एक डिस्क घ्या, फक्त टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपच्या सोयीसाठी, मॅकच्या साठवणीच्या दुप्पट क्षमतेची. शेवटच्या २४ तासांच्या तासातासाच्या, महिनाभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्या-आठवड्याच्या प्रती ते आपणहून ठेवतं. एकदा जोडून दिलं की पुन्हा बघावं लागत नाही.

प्रश्न : जुना इंटेल मॅकबुक मिळतोय. त्यावर बूट कॅम्पने विंडोजही टाकता येतं म्हणतात. दोन्ही हातात राहतील. घेऊ का?

नको. बूट कॅम्प इंटेलच्या चिपच्या मॅकवर चालतं हे खरं, पण त्या मॅकचेच दिवस भरत आलेत. २०२५ ची टाहो ही मॅकओएसची इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं ॲपलने जाहीर केलं आहे. आणि टाहोही मोजक्याच इंटेल मॅकवर बसते. सुरक्षा अपडेट संपले म्हणून विंडोज १० सोडणार आणि त्याच वाटेवर असलेलं दुसरं यंत्र घेणार, यात काय साधलं? जुनाच घ्यायचा तर ॲपलच्या एम१ चिपचा किंवा त्यानंतरचा घ्या.

प्रश्न : मॅकला व्हायरस लागत नाही ना?

लागतो. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने सुमारे ६ लाख मॅक गाठले होते, जावामधल्या त्रुटीतून. आता अनोळखी प्रोग्रॅम अडवणारा गेटकीपर आणि मालवेअर ओळखणारा एक्सप्रोटेक्ट मॅकमध्येच असतात आणि सामान्य वापराला ते पुरतात. वेगळं अँटिव्हायरस मी तरी बसवत नाही. पण एखादा प्रोग्रॅम उघडायला गेटकीपर नकार देतोय आणि तो टाळायची युक्ती कुठल्याशा व्हिडिओत सांगितली आहे, तर ती करू नका. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर पासवर्ड टाकलात तर मशीन कुठलं होतं याला अर्थ उरत नाही.

प्रश्न : मॅक घेताना मेमरी कमी घेऊन नंतर वाढवता येईल का? विंडोज लॅपटॉपमध्ये मी वाढवली होती.

येणार नाही. ॲपलच्या चिपच्या मॅकबुकमध्ये मेमरी चिपच्याच पुडक्यात बसवलेली असते, साठवणही घरी बदलता येत नाही. घेताना जे घ्याल ते शेवटपर्यंत. २०२४ च्या ऑक्टोबरनंतर नव्या मॅकबुक एअर आणि मॅकबुक प्रोमध्ये सुरुवातच १६ जीबीपासून होते, आणि लेखन, ब्राउझर, फोटो एवढ्यासाठी ती पुरते. ८ जीबीचा एखादा घेत असाल तर दोनदा विचार करा. मॅकच्या आत विंडोज चालवायचं असेल तर तो घेऊच नका. जास्तीचे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते मेमरीवर घाला. साठवण बाहेरच्या डिस्कने वाढते, मेमरी वाढत नाही.

प्रश्न : सगळं मॅकवर आणून झालं. जुना विंडोज लॅपटॉप भाचीला द्यायचाय. आजच पुसू का?

आज नको, महिना-दोन महिने थांबा. लॅपटॉप बंद करून ठेवा आणि मॅकवरच काम करा. ज्या ज्या वेळी जुना उघडावा लागेल त्या त्या वेळी कशासाठी उघडला ते लिहून ठेवा, आणि ती गोष्ट मॅकवर आणा. बराच काळ उघडावाच लागला नाही की मग पुसा.

पुसण्याआधी डाउनलोड्स फोल्डर, डेस्कटॉप आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी कुणी बनवलेली फोल्डरं एकदा पाहा. डी ड्राइव्ह वेगळा असेल तर तोही पाहा. वनड्राइव्हमध्ये काही फायली फक्त ढगाचं चित्र घेऊन दिसत असतील तर त्या फायली लॅपटॉपवर नाहीतच, मॅकवर वनड्राइव्ह जोडलं की मिळतील. पैसे भरून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये डीॲक्टिव्हेट किंवा साइन आउट असेल तर ते करा, नाहीतर परवाना जुन्या मशीनवर अडकून राहतो. मग सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथे रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि पुढच्या पडद्यावर सेटिंग बदलून क्लीन डेटा चालू करा. नुसतं पुसण्यापेक्षा याला बराच जास्त वेळ लागतो, पण जुन्या फायली परत काढणं अवघड होतं. चार्जर लावून ठेवा आणि मध्येच बंद करू नका. आणि तो लॅपटॉप विंडोज १० वरच अडकलेला असेल, तर भाचीला देण्याआधी त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालता येईल का ते पाहा. तिच्याही हातात अपडेट मिळणारं मशीन असायला हवं.